आधी झाड, मग झोपाळा: कोकणकिनाऱ्यावरच्या उपनगरी बागेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी असो, अलिबाग असो की वेंगुर्ला, किनाऱ्यावरची आपली शहरं आता सड्याकडे, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराकडे, आणि हायवेच्या दिशेनं सरकत आहेत. जिथे काजी आणि रायवळ आंबे होते तिथे प्लॉट पडले, कॉलन्या उभ्या राहिल्या आणि मधला एक तुकडा सार्वजनिक बागेसाठी राहिला. त्या तुकड्यावर आधीपासून उभी असलेली चार-सहा मोठी झाडं असतात आणि नंतर आणलेली खेळणी असतात. दोघांत जागेवरून वाद आला की बहुतेक ठिकाणी झाडच हरतं. खेळणी पाच-दहा वर्षांनी बदलता येतात, झाड बदलायला दोन पिढ्या लागतात, म्हणून खालची उत्तरं देताना पहिला मान झाडाला दिला आहे.

आमच्या कॉलनीतली बाग नक्की कुणाची? नगरपरिषदेची की आमची?

हे आधी शोधून काढा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार आरक्षणाचा. शहराच्या विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, त्या जागेवर ‘बगीचा’ किंवा ‘क्रीडांगण’ असं आरक्षण टाकलेलं असतं. आरक्षण पडलं म्हणजे जागा नगरपरिषदेची झाली, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. जागा रीतसर संपादन करून ताब्यात घ्यावी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत संपादन झालं नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्या नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. मुलं वर्षानुवर्षं जिथे खेळली ती जागा मग बघता बघता इमारतीखाली जाते. म्हणून आपल्या भागातल्या आरक्षणाची स्थिती लेखी विचारून ठेवा. माहिती अधिकाराचा एक अर्ज पुरतो.

दुसरा प्रकार लेआउटमधल्या मोकळ्या जागेचा. २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट पाडताना दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. ती सगळ्या प्लॉटधारकांच्या सामाईक वापराची असते. ‘ओपन स्पेस’चा प्लॉट विकायचा आहे असं कुणी सांगू लागलं, तर मंजूर नकाशा मागा.

तिसरा प्रकार शहराच्या हद्दीबाहेरचा. रत्नागिरीजवळच्या नाचणे, कुवारबाव, शिरगाव अशा गावांत घरं शहरासारखी झाली, पण कारभार ग्रामपंचायतीचा. तिथे बागेचा निर्णय ग्रामसभेत होतो. हे खरं तर सोयीचं आहे, कारण ग्रामसभेत तुम्हाला स्वतः उभं राहून बोलता येतं.

बागेतलं जुनं झाड तोडायचं झालं तर कुणाची परवानगी लागते?

नागरी क्षेत्रात १९७५ चा महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. त्याखाली वृक्ष प्राधिकरण असतं आणि त्याच्या परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही, अगदी नगरपरिषदेच्या स्वतःच्या बागेतसुद्धा. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करणं हेही त्याच प्राधिकरणाचं काम. २०२१ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि असं झाड तोडलंच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावून सात वर्षं जगवायची अट आली. ऐंशी वर्षांचा आंबा तोडला तर ऐंशी झाडं.

ग्रामपंचायत हद्दीत चित्र वेगळं आहे. तिथे १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम लागतो आणि तो ठरावीक जातींनाच संरक्षण देतो. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर, ऐन, किंजळ, साग अशी ती यादी आहे. वड आणि पिंपळ त्या यादीत नाहीत. उपनगरातल्या बागांत सर्वांत मोठं झाड बहुधा वडाचंच असतं, म्हणून ग्रामसभेत त्याच्या संरक्षणाचा स्वतंत्र ठराव करून घ्यावा, असं मी आग्रहानं सांगेन. वाद उद्भवल्यावर ठराव करायला वेळ मिळत नाही.

झाडावर तोडणीची नोटीस चिकटवली आहे. आता काय?

ती हरकतींसाठीच असते. फोटो काढा, त्यावरची तारीख लिहून ठेवा, आणि मुदतीत लेखी हरकत देऊन पोच घ्या. ‘झाड तोडू नये’ एवढंच लिहून भागत नाही. झाडाची जात, बुंध्याचा घेर, तोडण्याचं कारण का पटत नाही आणि दुसरा पर्याय काय, हे लिहा. रस्ता चार फूट सरकवता येतो, खेळण्याची जागा बदलता येते, धोक्याची एखादी फांदी उतरवता येते. पर्याय मांडलेल्या हरकतीला उत्तर द्यावं लागतं.

झाडाचं वय कसं ठरवायचं?

बुंध्याचा घेर जमिनीपासून सुमारे साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर मोजतात. आपल्याकडच्या फार थोड्या झाडांत वर्षाची वलयं स्पष्ट उमटतात. सागात ती उमटतात, आंबा-फणसात तितकी नाहीत, माडाला तर वलयं नसतातच. वडाच्या पारंब्या बुंध्याला मिळून जातात, त्यामुळे घेरावरून काढलेलं त्याचं वय फसवं असतं. अशा वेळी जुन्या लोकांची साक्ष, जुना सातबारा, मोजणीचा नकाशा, घरातला जुना फोटो यांचा उपयोग होतो. सातबाऱ्यावर झाडांच्या नोंदी असतात हे फार जणांना ठाऊक नसतं. आजींना विचारा. त्यांच्या लग्नाच्या वेळी झाड केवढं होतं, हे त्यांना आठवत असतं.

झाडाखाली पेव्हर ब्लॉक बसवले तर पावसात चिखल होणार नाही. त्यात वाईट काय?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत जास्त नुकसानही याच कामानं होतं.

आपली जमीन जांभ्याची. सड्यावर तर मातीचा थर फूट-दीड फुटाचाच, त्याखाली कातळ. कुठल्याही झाडाची अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या दोन फुटांतच असतात आणि ती फांद्यांच्या सावलीच्याही पलीकडे पसरतात. जांभ्यावर त्यांना खाली जायला वाव नसल्यामुळे ती आणखी उथळ आणि आणखी लांब जातात. पेव्हर बसवायचे म्हणजे आधी ती माती खणायची, खडी-मुरूम टाकायचा, वर रोलर फिरवायचा. यात मुळं तुटतात, उरलेल्यांवरची माती दडपली जाते, हवा आणि पाणी आत जात नाही. झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षांनी शेंडा वाळू लागतो, पानं लहान येतात, मग एका बाजूच्या फांद्या सुकतात. तोवर पेव्हरचं काम कुणाच्या लक्षातही नसतं, आणि ‘झाड म्हातारं झालं, पडेल कुणावर तरी’ म्हणत तोडायचा अर्ज निघतो. एका बाजूची मुळं तुटलेलं झाड जूनच्या वाऱ्यात खरोखरच पडू शकतं. धोका झाडात नव्हता, तो आपण तयार केलेला असतो.

दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट एक मीटर परिघात काढून टाकावं, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिला होता. एक मीटर हे अगदी किमान झालं. झाडांची निगा राखणारे जाणकार सोपा हिशोब सांगतात: बुंध्याचा व्यास जितके इंच, तितक्या फुटांच्या त्रिज्येत खणू नये, दडपू नये. बुंधा तीन फूट जाडीचा असेल तर ३६ फूट. बाग लहान असेल तर एवढं सोडणं अवघड आहे, हे मान्य. पण नकाशावर ते वर्तुळ काढून बघितलं की रस्ता कुठून न्यायचा हे आपोआप कळतं.

चिखलाचं काय? पाण्याला उतार द्या, कडेनं चर काढा, मुलं जिथून चालतात तिथे जांभ्याच्या फरशा माती न खणता, मध्ये सांधा सोडून ठेवा. आपल्या जुन्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायवाटा, अशाच आहेत, आणि त्यांच्या कडेचे आंबे अजून उभे आहेत. बाकी जमिनीवर पातेऱ्याचा, म्हणजे गळलेल्या पानांचा, जाड थर राहू द्या. शिवाय सावलीतल्या पेव्हरवर पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि मुलं तिथेच घसरून पडतात, हेही लक्षात घ्यावं.

पार बांधला तर?

कोरड्या चिऱ्यांचा, बुटका, बुंध्यापासून चांगला लांब आणि आत बाहेरची माती न भरता बांधलेला पार चालतो. सिमेंटचा, टाइल्स लावलेला, बुंध्याला भिडवलेला आणि आत दोन फूट भराव घातलेला पार नको. बुंध्यावर माती चढली की साल कुजते.

वडाच्या पारंब्या मुलांच्या डोक्याला लागतात. कापून टाकाव्यात का?

चालण्याच्या वाटेवरच्या बारीक पारंब्या वर गाठ मारून ठेवता येतात. आडव्या मोठ्या फांदीखालच्या पारंब्या मात्र कापू नका. त्या जमिनीत रुजल्या की त्या फांदीचा खांब होतात. पारंबी छाटत गेलेल्या वडाच्या फांद्या लांब होतात, पण त्यांना आधार मिळत नाही, आणि एखाद्या पावसात मोडतात. बांबू आतून पोकळ करून, त्यात माती-शेणखत भरून पारंबी त्यातून जमिनीपर्यंत उतरवता येते. ती जाड होईपर्यंत बांबू कुजून जातो.

पारंब्यांवर वड किती जगतो याचा दाखला हावड्याच्या वनस्पती उद्यानातला आहे. तिथल्या प्रचंड वडाचा मूळ बुंधा बुरशीनं किडला म्हणून १९२५ मध्ये काढून टाकावा लागला. झाड आजही पारंब्यांवर उभं आहे आणि पसरतंच आहे.

खेळणी कुठे आणि कसली बसवावीत?

घसरगुंडी दुपारच्या सावलीत हवी. एप्रिल-मेमध्ये उन्हातल्या पत्र्यावर मूल बसूच शकत नाही, आणि सुट्टी तर त्याच महिन्यांत असते. सावली हवी पण खांबांचे खड्डे मुळांत नकोत, यासाठी खेळणी फांद्यांच्या कडेला, झाडाच्या पूर्व अंगाला ठेवावीत. दुपारनंतरची सावली तिकडेच पडते. वाळक्या फांदीखाली काहीच बसवू नये. झोपाळ्याच्या पुढे-मागे मोकळी जागा सोडा, आणि येण्याजाण्याची वाट त्यासमोरून नेऊ नका.

आता खारा वारा. घाटावरच्या शहरात पंधरा वर्षं टिकणारा लोखंडी झोपाळा समुद्रापासून मैलभरात पाच-सहा पावसाळ्यांत पोखरतो. गंज दिसतो तिथे नसतो, नजरेआड असतो. खांब जमिनीत शिरतो ती कड, साखळीच्या कड्या एकमेकींवर घासतात ती जागा, आणि पाइपच्या आतली बाजू. रंगाखाली सगळं झाकलेलं राहतं. म्हणून निविदेत गॅल्व्हनाइज्ड पाइप आणि ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील असं स्पष्ट लिहून मागावं. ३०४ प्रतीच्या स्टीलवर समुद्राजवळ तांबूस डाग पडून खड्डे होतात. फायबरची घसरगुंडी गंजत नाही, पण ऊन खाऊन तिचे तंतू वर येतात आणि मुलांच्या मांड्यांना टोचतात. तळवा फिरवून बघा, लगेच समजतं.

झोका थेट फांदीला बांधायची हौस सगळ्यांना असते. दोरी साल कापते आणि फांदी त्या जागी वाळते. स्वतंत्र चौकट उभारणं बरं.

आणि एक मनापासून सांगावंसं वाटतं. प्रत्येक मोकळा कोपरा खेळण्यांनी भरू नका. झाडाचं उघडं मूळ, पडलेला ओंडका, मातीचा उंचवटा, लगोरी मांडता येईल एवढी सपाट जागा यावर मुलं जितका वेळ रमतात तितका वेळ घसरगुंडीवर रमत नाहीत. एखाद्या संध्याकाळी बाकावर बसून बघा.

खेळण्यांखाली काय घालावं? समुद्रावरची वाळू चालेल ना?

किनाऱ्यावरून वाळू उपसायला किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत बंदी आहे, आणि पुळण खचली की लाट आत येते ती आपल्याच घरांकडे. रीतसर परवान्याची, धुतलेली, गोल कणांची वाळू घ्या. घसरगुंडीच्या पायथ्याशी आणि झोपाळ्याखाली किमान फूटभर भुसभुशीत थर हवा. पाऊस आणि पाय दोन्हींनी ती दबते, म्हणून महिन्यातून एकदा फावड्यानं हलवावी. रबरी फरशा चालतात, पण खाली काँक्रीट येतं, आणि मग परत मुळांचा प्रश्न.

बागेत माड आहेत. त्याखाली मुलं खेळली तर?

नको. नारळ पडतो, झावळ पडते. पाडेल्याकडून वेळच्या वेळी नारळ आणि सुकलेल्या झावळ्या उतरवून घ्या, आणि माडांचा पट्टा कुंपणाच्या कडेला असेल तर तिथे बाक ठेवू नका. माड तोडायची गरज नाही.

पावसाळ्यापूर्वी झाडांचं काय तपासायचं?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्या दिवशी आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. वादळ आता मिरगाच्या आधीच येऊ शकतं, त्यामुळे तपासणी एप्रिलमध्ये व्हावी, मेअखेर धरून चालू नये.

बुंध्यापासून सुरुवात करा. पायथ्याशी टणक, फळीसारखी अळंबी दिसली तर आत कूज आहे. ही गोष्ट जाणकाराला दाखवलीच पाहिजे. लाकडी हातोडीनं बुंधा ठोका, पोकळ आवाज येतो का ऐका. पोकळ झाड लगेच पडत नाही, बाहेरचं जिवंत लाकूड किती जाड आहे यावर ते ठरतं. झाड एका बाजूला कललं असेल तर पाहा की कल जुना आहे की नवा. जुन्या कलाचं झाड शेंड्याकडे परत सरळ झालेलं असतं. नव्या कलात पलीकडची माती उचललेली, भेगाळलेली दिसते. हा खरा धोका, आणि तो दिसला की त्याच दिवशी त्या बाजूची जागा बंद करा.

वर बघा. वाळक्या फांद्या उतरवा. आंब्यावरचं बांडगूळ काढा. नुसतं बांडगूळ ओढून भागत नाही, ते जिथे रुतलं आहे त्याच्या फूटभर खालून फांदी कापावी लागते. कापताना फांदीच्या मुळाशी जो सुजल्यासारखा भाग असतो तो राखून कापा, म्हणजे जखम भरते. मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावण्याची आपल्या आंबा बागायतदारांची रीत इथेही उपयोगी आहे.

शंका असेल तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्र महाविद्यालय आहे, वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आहे. ‘झाड धोकादायक आहे’ हे मत अशा जाणकाराचं असावं. ते ठेकेदाराचं नसावं, आणि ज्याच्या गाडीवर पानं पडतात त्या शेजाऱ्याचंही नसावं.

विजेच्या तारांसाठी दरवर्षी एका बाजूनं झाड छाटतात. काही करता येईल?

एका अंगानं छाटलेल्या झाडाचा तोल दुसऱ्या अंगाला जातो, आणि अर्धवट तोडलेल्या फांदीवर फुटलेले धुमारे कमकुवत जोडाचे असतात. मार्चमध्येच महावितरणच्या शाखा कार्यालयाला आणि नगरपरिषदेला एकत्र पत्र द्या, छाटणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. बागेपुरती तार इन्सुलेटेड केबलची करून मागणं हा कायमचा उपाय. पाठपुरावा लागतो, पण होतं.

वीज कडाडत असताना झाडाखाली थांबावं का?

अजिबात नाही. आपल्याकडे मे आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी विजा जास्त. पक्क्या छताखाली जा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं. हवामान खात्याच्या रेड अलर्टच्या दिवशी बाग बंद ठेवा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

साप-विंचवांची भीती वाटते. झाडं कमी केली तर कमी होतील?

साप-विंचवांचं घर झाडात कमी आणि अडगळीत जास्त असतं. सड्यावर फुरसं हा विषारी साप आढळतो आणि त्याला उरलेल्या चिऱ्यांचा ढीग फार आवडतो. बांधकामातले चिरे, फुटके पेव्हर, मोडकी खेळणी बागेच्या कोपऱ्यात टाकलेली असतात, आणि नेमकी तिथेच मुलं चेंडू शोधायला जातात. ढीग हलवा, गडग्याच्या कडेचं गवत कापा, उष्टं-खरकटं टाकू नका म्हणजे उंदीर येणार नाहीत. उंदीर आणि साचलेलं पाणी एकत्र आले की लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस या तापाचाही) धोका असतो, म्हणून पावसाळ्यात खेळाच्या जागेतली डबकी भरून घ्या.

साप चावलाच तर हात-पाय स्थिर ठेवा, घट्ट दोरी आवळू नका, कापू नका, १०८ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालते. विंचूदंशही आपल्याकडे हलका समजू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून असंख्य जीव वाचले, पण त्यासाठी रुग्ण वेळेत पोचावा लागतो. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

झाडावर वटवाघळं लटकतात, आग्या मोहोळ लागतं. हुसकावं का?

वटवाघळं फळं खाऊन बिया दूर नेऊन टाकतात. वड, उंबर, जांभूळ पसरतात ते त्यांच्या आणि पक्ष्यांच्या जिवावर. त्यांच्या झाडाखाली बाक ठेवू नका, त्यांनी अर्धवट खाल्लेली फळं मुलांना उचलू देऊ नका, एवढं पुरे. फटाके लावून हाकलू नका. आग्या मोहोळाखालची जागा दोरी बांधून बंद करा आणि धूर, दगड, रॉकेल यांपासून सगळ्यांना दूर ठेवा. मोसम संपला की त्या माश्या स्वतःहून स्थलांतर करतात. खेळाच्या जागेवरच मोहोळ असेल तर प्रशिक्षित माणूस बोलवा.

पातेरा रोज झाडून जाळावा लागतो. दुसरा मार्ग?

जाळू नका. वाटा आणि वाळूचा भाग झाडा, बाकी पातेरा झाडाखालीच राहू द्या. उरलेला कोपऱ्यात जाळीच्या कप्प्यात दाबून, थोडं शेण आणि पाणी मारून ठेवला की पुढच्या पावसापर्यंत खत होतं. त्याच खतानं नवी झाडं जगतात. जांभ्यावर माती आपल्याला अशीच तयार करावी लागते.

नवी झाडं कुठली लावावीत, आणि कुठली नकोत?

समुद्राजवळच्या बाजूला उंडी, भेंड, करंज. खारा वारा ती सोसतात. आतल्या बाजूला बकुळ, जांभूळ, कोकम, बहावा, नागचाफा, आणि निदान एक रायवळ आंबा. जागा असेल तर सुरंगी जरूर लावा. वेंगुर्ल्याकडच्या माणसाला तिची ओळख करून द्यायला नको, पण रत्नागिरी-रायगडच्या कॉलन्यांत वाढलेल्या मुलांनी फांदीला लगडलेली सुरंगीची फुलं पाहिलेलीच नसतात. वाढ मंद असते, म्हणून आजच लावायची.

गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष झटपट सावली देतात, पण एक मादागास्करचा, दुसरा दक्षिण अमेरिकेतला, आणि जांभ्यावरच्या उथळ मातीत वादळात दोन्ही लवकर मोडतात. असलेली मोठी झाडं सांभाळा, नवी लावू नका.

मुलांच्या हाताशी कण्हेर, पिवळी बिट्टी, धोतरा, एरंड, गुंज आणि चिकाचा शेर नको. बिट्टीच्या बिया मुलं खेळायला घेतात आणि त्या हृदयावर परिणाम करणाऱ्या विषाच्या असतात. काजूचं झाड चालेल, पण ओल्या बीच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं हे मुलांना सांगून ठेवा.

खड्डा मे महिन्यात, तीन फूट लांब-रुंद-खोल, जांभा फोडून. माती, पातेरा, शेणखत भरून ठेवा आणि दोन-चार चांगल्या सरी पडून जमीन भिजली की रोप लावा. फोटोपुरतं झाड जूनमध्ये सगळेच लावतात. ते मरतं मार्च ते मेमध्ये. पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, त्या माणसाचं नाव ठरल्याशिवाय रोप लावू नये. शेजारी मडकं पुरून भरत राहिलं तर थोड्या पाण्यात भागतं.

बागेतले आंबे, फणस कुणाचे?

नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत उत्पन्नाचा लिलाव करू शकते. पण पडीचा आंबा ज्याला सापडेल त्याचा, ही आपली जुनी रीत आहे. निदान एक रायवळ लिलावातून वगळून मुलांसाठी ठेवावा. दगड मात्र मारू द्यायचे नाहीत, खाली दुसरी मुलं असतात.

वडाखाली घुमटी (छोटं देऊळ) आहे. बाग करताना ती हलवावी का?

हलवू नका, वाढवूही नका. आपल्याकडे कितीतरी जुनी झाडं टिकली ती राखणदाराच्या श्रद्धेमुळेच, देवरायांसारखी. गावकऱ्यांशी बोलून, गाऱ्हाणं घालून, जागेची मर्यादा ठरवा. मंडप, फरशा, लोखंडी शेड वाढत गेली तर झाडच गुदमरतं. वटपौर्णिमेला फांद्या तोडून पूजेला नेण्यापेक्षा बागेतल्या उभ्या वडाची पूजा करावी. सूत सुती असावं आणि आठवड्यानं सोडवून घ्यावं. नायलॉनचा दोरा सालीत रुततो. खिळे, जाहिरातींच्या पाट्या, बुंध्याला गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा याही झाडाला तशाच जाचक.

आजी-आजोबांना आणि चाकाच्या खुर्चीवरच्या मुलांना येता येईल अशी बाग होते का?

झाली पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ते बंधनकारक आहे. उताराचं प्रमाण एकास बारा ठेवा, फाटकात आडवे खांब घालू नका, एक तरी घट्ट सपाट वाट सर्वांत मोठ्या झाडाच्या सावलीपर्यंत न्या.

खेळणं मोडलं, फांदी लोंबते आहे. तक्रार कुणाकडे?

नगरपरिषदेत उद्यान किंवा बांधकाम विभागाकडे, ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक). अर्जात खेळण्याचं नाव, जागा, फोटो, तारीख द्या आणि पोच घ्या. दुरुस्ती होईपर्यंत ते खेळणं वापरता येणार नाही असं करणं महत्त्वाचं. झोपाळ्याची फळी काढून ठेवा किंवा साखळी वर गुंडाळून कुलूप लावा. नुसती चिठ्ठी चिकटवली तर पहिल्या पावसात ती भिजून जाते, आणि लहान मुलांना ती वाचताही येत नाही.